बी.व्ही.एस्सी.नंतर अमेरिकेत प्रॅक्टिस: कोणत्या क्रमाने आणि कशाची तयारी

डॉक्टर, तुमचे प्रश्न थोडक्यात असे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. होऊन सहा वर्षं झाली, पशुधन विकास अधिकारी म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आहात, काम बहुतेक गाई-म्हशींचं. अमेरिकेत प्रॅक्टिस करायची आहे. आधी एम.एस. करावं की थेट परीक्षा द्याव्यात, नोकरी सांभाळून भारतातूनच किती उरकता येईल, आणि घरची लॅब्रॅडोर सोबत आणता येईल का.

भारतातल्या एकाही पशुवैद्यकीय महाविद्यालयाला एव्हीएमएची, म्हणजे अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची, मान्यता नाही. त्यामुळे परळची पदवी असो की परभणीची, समकक्षतेचा रस्ता सगळ्यांना सारखाच. रस्ते दोन: एव्हीएमएचा ईसीएफव्हीजी आणि राज्यांच्या परवाना मंडळांच्या संघटनेचा पेव्ह. पेव्हमध्ये पात्रता परीक्षा झाली की मान्यताप्राप्त कॉलेजात क्लिनिकल वर्षाला प्रवेश घ्यावा लागतो. त्या जागा मोजक्या आणि फी दणदणीत. शिवाय पेव्ह बहुतेक राज्यांत चालतं, सगळ्यांत नाही. ईसीएफव्हीजी सगळीकडे चालतं, म्हणून पुढचं सगळं त्याला धरून.

ईसीएफव्हीजीचे टप्पे चार: नोंदणी आणि पदवीचा पुरावा, इंग्रजीची परीक्षा, बीसीएसई ही लेखी परीक्षा, आणि सीपीई ही तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा. बीसीएसई संगणकावर असते, २२५ बहुपर्यायी प्रश्न, आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रांवरही देता येते. म्हणजे पहिले तीन टप्पे नोकरी न सोडता होतात. यांच्याशिवाय नॅव्हले ही परवान्याची परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते, इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पदवीधरांनाही: ३६० प्रश्न, साठ-साठचे सहा भाग, दिवसभराचं काम. त्यात कुत्र्या-मांजरांचा वाटा सर्वांत मोठा, मग गाय आणि घोडा. तुमचा घोडा कच्चा असणार, कॉलिक, म्हणजे पोटदुखी, आणि लंगडणं यांना वेगळा वेळ काढा.

कागदपत्रांत आपल्याकडचे लोक एका ठरावीक ठिकाणी अडकतात: नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, आणि स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. नोंदणी करण्याआधी सगळं पासपोर्टप्रमाणे जुळवून घ्या. गॅझेट लागत असेल तर आत्ताच करा. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, सर्व वर्षांची गुणपत्रकं आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचं सदाचार प्रमाणपत्र यांच्या दोन-दोन मूळ प्रती काढून ठेवा. परिषदेची नोंदणी मध्येच संपू देऊ नका, नाहीतर ते प्रमाणपत्र मिळताना खेटे पडतात. टोफेल किंवा आयईएल्टीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून कागद तयार झाल्यावरच ती परीक्षा द्या.

आता खरा डोंगर. सीपीईचे सात विभाग: भूल, घोडा, अन्नोत्पादक जनावरं, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचं मेडिसिन आणि शस्त्रक्रिया. केंद्रं मोजकी, तारखेसाठी रांग मोठी, खर्च हजारो डॉलरचा. वेळ आणि पैसा इथेच जातो. म्हणून तुमचा भारतातला उरलेला वेळ लेखी परीक्षेपेक्षा हाताच्या तयारीवर घालवा. गाईचा विभाग तुम्हाला जड नाही. अडतं ते शस्त्रक्रिया आणि भूल या दोन ठिकाणी.

शस्त्रक्रियेत कुत्रीची ओव्हॅरिओहिस्टरेक्टमी, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय काढणं, करायची असते, पोटाच्या मध्यरेषेतून. आपल्याकडच्या नसबंदी मोहिमांत बरेच जण उजव्या कुशीतून, लहान छेदातून आणि झपाट्याने करायला शिकलेले असतात. तो वेग इथे उपयोगाचा नाही. परीक्षक बघतात ते निर्जंतुकपणा, ऊती हाताळण्याची पद्धत आणि गाठ. गाऊनची बाही टेबलाच्या कडेला लागली, हात कमरेखाली गेला, ग्लोव्हला भोक पडलं, तर थांबून, सांगून, बदलून पुढे जायचं. दडपून पुढे गेलात तर मूळ चुकीपेक्षा ते महाग पडतं. गॉज सुरुवातीला मोजायचे आणि पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचे, मोठ्याने. अंडाशयाला धरून ठेवणारा बंध, सस्पेन्सरी लिगामेंट, तोडताना खेच आडवी आणि शेपटीच्या दिशेने ठेवा, वर ओढलंत तर अंडाशयाची रक्तवाहिनी फाटते. पेडिकल, म्हणजे बांधलेला देठ, सोडण्याआधी क्लॅम्प सैल करून रक्त येतंय का ते बघा. दोन्ही अंडाशय बाहेर काढल्यावर त्यांच्याभोवतीची पिशवी, बर्सा, उघडून पूर्ण आल्याची खात्री करा. पोट बंद करताना ताकद रेक्टस या पोटाच्या स्नायूच्या बाहेरच्या आवरणात असते. प्रत्येक टाक्यात ते आलंच पाहिजे, नुसतं स्नायू आणि चरबी धरून उपयोग नाही. कॅटगट विसरा, पॉलिडायॉक्सॅनोन या विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्यावर सराव करा. त्याची गाठ सरकते, म्हणून पहिल्या चारही फेऱ्या चौकोनी आणि सपाट बसवायची सवय लागायला हवी.

भुलेत आपली झायलाझिन-केटामाईनच्या इंजेक्शनची सवय आड येते. इथे गॅस मशीन, नळी आणि मॉनिटर हे गृहीत आहे. मशीन तपासणं हाच परीक्षेचा भाग असतो: जादा गॅस बाहेर सोडणारी पॉप-ऑफ झडप बंद करा, रुग्णाकडचं टोक अंगठ्याने दाबा, दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंत चढवा, तो किमान दहा सेकंद टिकतो का पाहा, आणि मग अंगठा न काढता आधी झडप उघडा. झडप बंद राहिली आणि कुत्रं जोडलं गेलं तर मशीनची श्वासाची पिशवी फुगत जाते, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि काही मिनिटांत जनावर जातं. दवाखान्यातही ही चूक बळी घेते, परीक्षेत तर ती माफ होतच नाही.

आकडेमोड कागदावर मांडायची सवय लावा. २० किलोचं कुत्रं, प्रोपोफॉल मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, डोस ४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ८० मिलिग्रॅम, ८ मिलिलिटर. पण एकदम नाही. पाव हिस्सा देऊन थांबायचं, जबडा सैल झाला का बघायचं, मग पुढचा. भराभर दिलं की श्वास थांबतो. श्वासाच्या पिशवीचं माप टायडल व्हॉल्यूमच्या, म्हणजे एका श्वासातल्या हवेच्या, सहापट: किलोला १० ते १५ मिलिलिटर धरून २० किलोला १.२ ते १.८ लिटर, म्हणून २ लिटरची. सलाईन भुलेदरम्यान कुत्र्याला तासाला किलोमागे ५ मिलिलिटर, मांजराला ३. ठोके, श्वास, रक्तदाब, तापमान यांची दर पाच मिनिटांनी नोंद. नोंद नसेल तर तुम्ही ते पाहिलंच नाही असं धरतात, परीक्षेतही आणि पुढे कोर्टातही.

हा सराव तिकडे कुठे? पुण्या-मुंबईत गॅस भूल वापरणारी खासगी रुग्णालयं आहेत. रजेच्या दिवशी बिनपगारी उभं राहायची तयारी ठेवली तर बरेच वरिष्ठ डॉक्टर घेतात. दातांचं काम बघायला मिळालं तर सोडू नका. इथल्या रोजच्या प्रॅक्टिसमध्ये भुलेखाली दात साफ करणं, दातांचे क्ष-किरण आणि दात काढणं यांवर सकाळच्या सकाळी जातात, आणि आपल्या अभ्यासक्रमात ते जवळपास नाहीच.

मोठ्या जनावरांचं काम तुमचं बलस्थान आहे, पण तिथेच तुमची सवय तुम्हाला कायद्यात अडकवू शकते. दूध देणाऱ्या गाईला एन्रोफ्लॉक्सासिन, हे फ्लुओरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक, आपल्याकडे सर्रास दिलं जातं. इथे या गटातलं औषध अन्नोत्पादक जनावरात लेबलाबाहेर, म्हणजे लेबलवर नसलेल्या जनावराला किंवा कामासाठी, वापरणं हा गुन्हा आहे आणि दुभत्या गाईसाठी ते लेबलवर नाही. मेट्रोनिडाझोल, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युराझोन अन्नोत्पादक जनावरांत पूर्ण बंद, मलम म्हणूनसुद्धा. फिनाईलब्युटाझोन हे वेदनाशामक २० महिन्यांवरच्या डेअरी गाईत बंद. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन शिरेतूनच. मांडीत टोचलंत तर ते शरीरात रेंगाळतं आणि कत्तलखान्यात अवशेष सापडून माग तुमच्यापर्यंत येतो. लेबलाबाहेरच्या वापराला १९९४च्या कायद्याने परवानगी आहे, पण वैध डॉक्टर-मालक-रुग्ण संबंध, लेखी नोंद आणि वाढीव विथड्रॉवल काळ, म्हणजे औषधानंतर दूध-मांस न विकण्याचा काळ, या अटींवर. जून २०२३पासून महत्त्वाची अँटिबायोटिक्स शेतकऱ्याला दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनसाठी तुमच्यावर दबाव येणार. जनावर न बघता लिहून देऊ नका.

दुसरी सवय निदानाची. तोंडात फोड, लाळ, लंगडणं दिसलं की आपला हात लाळ्या-खुरकूतच्या उपचाराकडे जातो. अमेरिकेत तो रोग १९२९नंतर नाही. तसे फोड दिसले तर उपचार नाही, गोठ्यातून निघणं नाही. तिथूनच राज्याच्या पशुआरोग्य अधिकाऱ्याला किंवा केंद्राच्या एफिस या खात्याला फोन, आणि ते सांगतील तोवर थांबायचं. जखमेतल्या अळ्यांचंही तसंच. आपण टर्पेंटाईन टाकून मोकळे होतो. इथे न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म ही माशी, जिच्या अळ्या जिवंत मांस खातात, नोव्हेंबर २०२४मध्ये मेक्सिकोत पुन्हा सापडली आणि त्यावरून सीमेवरची जनावरांची आयात रोखावी लागली. संशय आला तर अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवून कळवायचं. मार्च २०२४मध्ये डेअरी गाईंत एच५एन१ बर्ड फ्लू निघाला. दूध अचानक कमी आणि घट्ट झालं, आणि गोठ्यातली मांजरं चेतासंस्थेची लक्षणं दाखवून मरू लागली, तर कासदाहाचं लेबल लावण्याआधी हे डोक्यात आलं पाहिजे.

परवाना मिळाल्यावरही दोन नोंदण्या राहतात. केटामाईन, ओपिऑइड आणि युथनेशियाचं औषध यांसाठी अंमली औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या डीईएची नोंदणी: कुलूपबंद कपाट, मिलिलिटरच्या अंशापर्यंत हिशोब, दर दोन वर्षांनी साठ्याची मोजणी. आणि आरोग्य दाखल्यांवर सही करायची असेल तर केंद्राच्या कृषी खात्याचं, यूएसडीएचं, अ‍ॅक्रेडिटेशन. पहिल्या श्रेणीत पाळीव प्राणी, दुसरीत सगळे. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, पहिलीला तीन आणि दुसरीला सहा प्रशिक्षण घटक.

सततचं शिक्षण राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३६ तास, त्यातही दर चार वर्षांत एक तास अँटिबायोटिक्सच्या जपून वापरावर. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ४५. कार्यक्रमाला राज्य मंडळांच्या संघटनेची रेस मान्यता आहे ना ते आधी बघा, नसेल तर तास धरतीलच असं नाही. प्रमाणपत्रं स्वतः जपा, तपासणी आली की मंडळ तुमच्याकडेच मागतं. नियमही हलत असतात: जानेवारी २०२४पासून कॅलिफोर्नियात व्हिडिओवरून डॉक्टर-रुग्ण संबंध प्रस्थापित करता येतो, दुसऱ्या राज्यात तेच केलंत तर परवान्यावर येऊ शकतं. राज्य बदललं की नियम पहिल्या पानापासून वाचा.

एम.एस.चा प्रश्न खरं म्हणजे व्हिसाचा आहे. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलं पगारी काम, मिळत असेल तर एम.एस. जरूर करा, कारण इथे राहून सीपीईची वाट बघता येते, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या स्टेम यादीत असेल तर नंतर एकूण तीन वर्षांपर्यंत कामाची परवानगी मिळू शकते. स्वतःच्या खिशातून फी भरून मात्र नको. एम.एस.ने परवाना जवळ येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये परदेशात असलेल्या उमेदवारासाठी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची रक्कम लावली गेली, आणि छोटं क्लिनिक ती भरणार नाही. त्यामुळे ‘परीक्षा देतो, नोकरी तिथून बोलावेल’ या हिशोबावर सध्या बेत आखू नका. व्हिजिटर व्हिसावर परीक्षेला येता येतं, क्लिनिकमध्ये हात लावता येत नाही. सरकारी मांस तपासणीच्या नोकऱ्या दिसतील, पण केंद्राच्या बहुतेक पदांना नागरिकत्व लागतं.

लॅब्रॅडोरचं म्हणाल तर येईल. ऑगस्ट २०२४पासूनच्या नियमांत भारत रेबीजच्या उच्च जोखमीच्या यादीत आहे. तिचं वय सहा महिन्यांपेक्षा जास्त हवं. आधी आयएसओ मायक्रोचिप, मग रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी टायटरसाठी, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी मोजायला, रक्त, तेही सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, यादीतल्या प्रयोगशाळेत, आणि रक्त घेतल्यापासून प्रवेशापर्यंत किमान २८ दिवस. टायटर नसेल तर २८ दिवसांचं क्वारंटाईन तुमच्या खर्चाने. लसीच्या फॉर्मवर सरकारी पशुवैद्यकाचं पृष्ठांकन लागतं, आणि तुम्ही स्वतः सरकारी डॉक्टर असलात तरी स्वतःच्या कुत्रीच्या फॉर्मवर सही करू नका. विमानतळ ठरवण्याआधी तिथल्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात जागा आहे का ते विचारा, कारण अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत. तिकीट त्यानंतर.