ऑडिशनला ॲब्सर्ड नाटक? आधी हे वाच

ॲब्सर्ड, म्हणजे वरवर अर्थ न लागणाऱ्या नाटकातला तुकडा निवडणार असशील, तर लकी या पात्राचं भाषण सध्या बाजूला ठेव. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मधला तो विरामचिन्हांशिवाय धावणारा मजकूर पाठ होतो, पण त्यातला माणूस निसटतो. मी त्यावरच आपटलोय.

त्यापेक्षा आल्बीच्या ‘द झू स्टोरी’तली जेरीची कुत्र्याची गोष्ट घे. आधी मांस खाऊ घालून कुत्र्याला पटवायचं, नाही जमलं तर विष घालायचं. दर वळणावर जेरीला काहीतरी हवं असतं. लांबलचक आहे, दोन मिनिटांचा तुकडा काढ. आणि अर्थ लागत नाही म्हणून डोळे फिरवत बसू नकोस. पात्राला स्वतःचं बोलणं अगदी सरळच वाटत असतं.

पिंटर या नाटककाराच्या नाटकातला प्रवेश करणार असशील तर गप्प बसता येणारा जोडीदार शोध, कारण त्यात बोलण्याइतकंच महत्त्व शांततेला असतं. तो मिळणंच कठीण!