शेवटच्या ओळीतले अनारसे कोपऱ्यात का पळतात?

प्रश्न: माझी मावशी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, तिच्यासाठी साधीशी वेबसाइट बनवतोय. आठ पदार्थांची कार्डं, एका ओळीत तीन. सीएसएसमधे (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) फ्लेक्सबॉक्स वापरलाय, त्यात फ्लेक्स-रॅप दिलंय, म्हणजे न मावणारी कार्डं खालच्या ओळीत जातात, आणि आडवी जागा वाटणाऱ्या जस्टिफाय-कंटेंटला स्पेस-बिटवीन, म्हणजे उरलेली जागा कार्डांच्या मधे. वरच्या दोन ओळी मस्त बसतात, पण तिसरीत अनारसे डाव्या टोकाला, शंकरपाळे उजव्या टोकाला आणि मधे हे भलंमोठं खिंडार! अलाइन-कंटेंटला सगळं देऊन बघितलं, ढिम्म हलत नाही.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: अरे, अलाइन-कंटेंटचा इथे संबंधच नाही. ते ओळी वरखाली कशा लावायच्या ते बघतं, आणि कंटेनरला उंची दिलेली नसेल तर वाटायला जागाच उरत नाही, मग ते हलणार काय. तुझं दुखणं आडवं आहे. रॅप झालं की फ्लेक्सबॉक्सची प्रत्येक ओळ आपली उरलेली जागा आपल्यापुरती वाटून घेते, वरच्या ओळीशी तिला काही देणंघेणं नसतं, लोकलच्या एका डब्यातल्या गर्दीला शेजारचा डबा रिकामा असला तरी कुठे कळतं, तसंच. तिसरीत कार्डं दोनच, म्हणून एक या टोकाला, एक त्या टोकाला. काहीजण तिथे रिकामा डिव्ह (नुसता चौकोनी डबा) कोंबतात, ते नको, मावशीने कडबोळी वाढवली की तोच काढत बसशील.

कॉलमसुद्धा जुळायला हवेत ना, मग सरळ ग्रिड (ओळी आणि कॉलम दोन्ही जुळवणारी सीएसएसची मांडणी) घे, २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळीकडे चालतंय. ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समधे रिपीट, आत ऑटो-फिल (मावतील तितके कॉलम) आणि मिनमॅक्स (कॉलमची रुंदी), किमान १५० पिक्सेल, कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), गॅप १६ पिक्सेल. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्हीकडे १६-१६ सोडले तरी ३२८ उरतात, दोन कार्डं आणि मधला गॅप मिळून ३१६, आरामात बसतं. मोठ्या स्क्रीनवर तीनच हवी असतील तर मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) रिपीट ३ दे. ऑटो-फिट मात्र टाळ, दोनच पदार्थ उरले तर रिकामे कॉलम मिटवून ती कार्डं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणतं.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगतो, नावं लहानमोठी असली की किमती वरखाली दिसणारच. कार्डालाच फ्लेक्स कर, डायरेक्शन कॉलम, आणि किमतीला मार्जिन-टॉप ऑटो, त्या ओळीतल्या सगळ्या किमती तळाला येतात.

फ्लेक्सच ठेवायचं असेल तर जस्टिफाय-कंटेंटला फ्लेक्स-स्टार्ट (सगळं डावीकडून), गॅप १६, आणि रुंदी कॅल्कने (सीएसएसमधलं गणित), १०० टक्क्यांतून दोन गॅपचे ३२ पिक्सेल वजा करून भागिले ३. नुसतं ३३.३३ टक्के दिलंस तर गॅपमुळे तिसरं कार्ड खाली उडी मारेल. फ्लेक्स-ग्रो १ (कार्डांना उरलेल्या जागेत पसरू देणं) पण नको, शेवटची दोन अर्धी अर्धी ओळ बळकावतात. मावशीला शेवटची दोन कार्डं मधोमधच हवी असतील तर मात्र फ्लेक्सच बरं, जस्टिफाय-कंटेंट सेंटर केलं की झालं, ग्रिडमधे त्यासाठी उगाच खटपट करावी लागते.