नदीचं मूळ, नटीचं कूळ

प्रश्न असा आला आहे. ग्रेस केलीवरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना एकांनी 'आयरिश आणि जर्मन अशा मिश्र वंशाची अमेरिकन अभिनेत्री' असं लिहिलं. संपादकांनी 'मिश्र' खोडून 'संकरित' केलं. दोघांपैकी बरोबर कोण, आणि मुळात इथे 'वंश' चालतो का?

'संकरित' लगेच निकालात काढू. संकरित ज्वारी असते, संकरित गाय असते. माणसाला हा शब्द लावला की मागून 'वर्णसंकर' डोकावतो, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन तो शब्द काही कौतुकाने उच्चारत नाही. 'मिश्र' त्यापेक्षा सभ्य आहे, पण औषधाच्या बाटलीची आठवण करून देतो. काही जण 'अर्धी आयरिश, अर्धी जर्मन' लिहितात. ते वाचताना मला तरी उरलेली भाकरी दिसते.

'वंश' मात्र इतक्या सहज सुटत नाही. हा शब्द बापाच्या वाटेने चालतो. वंशाचा दिवा म्हणजे मुलगा. घरात चार मुली असल्या तरी जुनी माणसं 'निर्वंश झाला' म्हणून मोकळी होत. त्या हिशेबाने ग्रेसचा वंश फक्त आयरिश ठरतो. तिचे वडील जॉन केली हे आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातले, आणि आई मार्गारेट मायर ही जर्मन स्थलांतरितांची मुलगी. पण भाषा कोशाचं ऐकत बसत नाही. सुनीता विल्यम्सना वर्तमानपत्रं 'भारतीय वंशाची अंतराळवीर' म्हणतात, तिथे वडील गुजरातचे आहेत. कमला हॅरिसनाही तेच विशेषण लागतं आणि तिथे भारतीय आहे ती आई. म्हणजे 'वंश' आईच्या बाजूनेही चालायला लागला आहे. चांगलंच झालं. अडचण एवढीच, की सुनीताबाईंच्या आईचं स्लोव्हेनियन मूळ त्या 'भारतीय वंशा'त गडप होतं. एका शब्दात एकच बाजू मावते.

मग दोन बाजू सांगायला मराठीत काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते इंग्रजीत नाही. आपल्याकडे 'आजोळ' आहे! 'ग्रेसचं आजोळ जर्मन' या तीन शब्दांत आईची बाजू संपली. इंग्रजी लेखात जॉर्ज केली हे ग्रेसचे 'अंकल' असतात, पण मराठीत तेवढ्याने भागत नाही. काका की मामा हे ठरवावंच लागतं. १९२६ साली नाटकासाठी पुलित्झर मिळवणारे हे जॉर्ज जॉन केलींचे भाऊ, म्हणून काका, म्हणजे आयरिश बाजू. आमच्या नात्यांच्या शब्दांत वंशावळ आधीच भरलेली असते.

'मूळची' या शब्दाला जपून हात लावावा. 'ग्रेस मूळची आयर्लंडची' म्हटलं तर ती स्वतः तिथून आली असं वाटतं. तिचा जन्म १९२९ साली फिलाडेल्फियात झाला. मूळचे मेयो काउंटीतले होते ते तिचे आजोबा, न्यूपोर्टजवळच्या ड्रिमुर्ला या खेड्यातले. पण 'गाव' हा शब्द मात्र पिढ्या ओलांडतो. गिरगावात जन्मलेला माणूस बेधडक 'आमचं गाव मालवण' म्हणतो, तसं 'केलींचं गाव ड्रिमुर्ला' खुशाल लिहा. मोनॅकोची राणी झालेली ग्रेस १९६१ साली त्या खेड्यातलं आजोबांचं घर बघायला गेली आणि १९७६ साली तिने ते विकतही घेतलं. याला मराठीत 'गावी जाणं' म्हणतात, दुसरा शब्द शोधू नये. (राणी म्हणालो खरा, पण मोनॅकोत राजा नसतो, प्रिन्स असतो. तो वाद वेगळ्या दिवशी.)

आता आडनावं, कारण मला खरी मजा तिथे आली. केलीच्या आयरिश रूपात आधी 'ओ' होता, ओब्रायन आणि ओनीलमध्ये आहे तोच. त्याचा जुना अर्थ नातू, पुढे वंशज. आपल्याकडे नातू हे सबंध आडनावच आहे, आयरिश लोकांनी ते केवळ पुढे जोडलं आणि इंग्रजी अमलात बहुतेकांनी गाळून टाकलं. मायर हे लॅटिन 'मायोर'मधून आलं, म्हणजे थोरला. त्याच शब्दातून इंग्रजीत मेयर आला, ज्याला आपण महापौर म्हणतो, आणि पलटणीतला मेजरही. जर्मनीत मायर म्हणजे आधी जमीनदाराचा कारभारी. नंतर अर्थ उतरत उतरत खंडाने जमीन कसणाऱ्यापर्यंत आला.

खंडाने कसणारा म्हणजे आपल्या भाषेत कूळ. इथे 'कूळ' या शब्दाने मला पकडलं. घराणं तेही कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळ. १९४८ चा कूळकायदा ज्यांच्यासाठी झाला ती कुळं काही उच्च कुळांची नव्हती. मेयोतले शेतकरीही एकोणिसाव्या शतकात बहुतेक कुळंच होते. जमीनदारांविरुद्धची लँड लीग १८७९ साली त्याच काउंटीत, कॅसलबारला स्थापन झाली. पुढल्या वर्षी तिथल्याच एका जमीनदाराच्या कारभाऱ्याला गावाने वाळीत टाकलं. न मजूर, न दुकानदार, कोणी फिरकेना. त्या कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. आपण बहिष्काराला जो इंग्रजी शब्द वापरतो, तो ग्रेसच्या आजोबांच्या जिल्ह्यातला आहे. तेव्हा 'ग्रेसचं कूळ' असं लिहिलंत तर ते दोन्ही अर्थांनी खरं होण्याचा संभव दाट.

एक खोच राहिली. जॉन केलींच्या आईचं माहेरचं आडनाव कॉस्टेलो. कानाला इटालियन वाटतं, पण मेयोत ते जुनं आहे. बाराव्या शतकात आयर्लंडात शिरलेल्या नॉर्मनांपैकी (हे मूळचे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे) एका घराण्याने आयरिश रीतीने 'मॅक', म्हणजे 'अमक्याचा मुलगा', लावून घेतलं आणि त्यातून हे आडनाव घडलं. म्हणजे 'आयरिश' म्हणून ज्या बाजूला आपण एकसंध समजत होतो, तिच्यातही फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेली एक फांदी असू शकते. आडनावावरून रक्त सिद्ध होत नाही, हे खरं. पण 'मिश्र वंश' लिहिणाऱ्याने अमिश्र वंश कुठे पाहिला, हे मला विचारायचं आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, त्यात नटीची भर घालायला हरकत नाही.

जोडरेघेचंही पाहा. 'आयरिश-जर्मन' हा आई-वडील सारखा द्वंद्व, दोघांना सारखा मान. 'आयरिश-अमेरिकन'मध्ये मात्र पहिला शब्द दुसऱ्याचं विशेषण आहे, पुणेरी मुंबईकर म्हणावं तसा. 'आयरिश-जर्मन-अमेरिकन' अशी आगगाडी केली की वाचकाला कोणता डबा कशाला जोडला आहे ते कळत नाही.

मी असं लिहिलं असतं: 'ग्रेस केली फिलाडेल्फियाची. वडिलांकडचं घराणं आयर्लंडमधल्या मेयोचं, आजोळ जर्मन.' वंश नाही, संकर नाही, मिश्रण नाही. संपादकांना यातही काही बदलायचं असेल तर बदलू द्या, फक्त आईचं आडनाव पुढे आलं की मायरचं मेजर करू देऊ नका. स्पेलिंग Majer असलं तरी जर्मन 'जे'चा उच्चार 'य' होतो.