पस्तिशीत तायक्वांदो सुरू केलंय, रोज स्प्लिट्स करतो, तरी लाथ डोक्यापर्यंत का जात नाही?

नुसत्या स्प्लिट्सने जाणार नाही. पाय स्वतःच्या ताकदीवर वर धरता आला पाहिजे. ठाण्यात मोठ्यांच्या बॅचला शिकवतो, तिथे कायम हेच दिसतं: जमिनीवर पाय झकास फाकतात, पण उभं राहून गुडघा छातीशी धरा म्हटलं की मांडी थरथरायला लागते. भिंतीला हात टेकून पाय बाजूला उचला, पाचेक सेकंद धरा, सावकाश खाली आणा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. क्लासआधी फक्त पाय झुलवा. ताणून बसणं नंतर, कारण आधी मिनिटभराहून जास्त ताणलं तर लाथेतला झटका तात्पुरता कमी होतो. गोल लाथ मारताना जमिनीवरच्या पायाची टाच समोरच्याकडे वळतेय ना, हेही बघा. ती वळली नाही की कंबर अडकते आणि आपण उगाच मांड्यांना बोल लावतो. मात्र खुब्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते: जांघेत पुढून टोचलं तर जोर लावू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. तसंही स्पर्धेत डोक्यावरच्या साध्या लाथेला ३ गुण, तर छातीच्या गार्डवरच्या लाथेला २ मिळतातच.