नव्या रिव्हॉल्व्हरवरचा डाग

भाऊ, नव्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर फिकट डाग दिसल्याने तुम्ही हळहळलात, हे स्वाभाविक आहे. परंतु दोष केवळ दिसण्यातला आहे की चालण्यातला, हे आधी ठरवावे. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडर (काडतुसे बसणारा फिरता भाग) सरळ बसतो का आणि नळीच्या तोंडाशी खाच नाही ना, हे पाहा. तशी खोट असल्यास काहीही न घासता शस्त्र विक्रेत्याकडे परत न्यावे.

दोष केवळ दिसण्यातला असेल, तर डागाच्या जागी ब्ल्यूइंग फिके पडले असावे. ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेला काळ्या लोह-ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असून तो स्वतः गंज फारसा रोखत नाही, तेल मात्र धरून ठेवतो. त्यामुळे पॉलिश पेपरने डाग घालवण्याच्या नादात उरलेले ब्ल्यूइंगही जाते. (माझ्या शस्त्रावरचा सर्वांत मोठा ओरखडा माझ्याच हातचा आहे.) जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात असा डाग निभावून जातो, पावसाळ्यात मात्र घामट बोटांचे ठसेसुद्धा तांबूस होऊ लागतात, म्हणून हाताळल्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा आणि ओल धरणाऱ्या चामडी होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवून देऊ नये.

ब्ल्यूइंग पुन्हा करायचेच असेल, तर ते परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे आणि शस्त्रावर कोरलेल्या ओळख-क्रमांकाला धक्का लागू देऊ नये, कारण तो खोडणे हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे.