एकदा ७ एमएम-०८ विचारून बघ

टेक्ससमध्ये हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेतोयस, तर दुकानदार ६.५ क्रीडमूर नाहीतर .३०८ या काडतुसांची रायफल पुढे सरकवेल. वाईट दोन्ही नाहीत. पण ७ एमएम-०८ रेमिंग्टनही विचारून बघ. १९८० साली आलेलं हे काडतूस म्हणजे .३०८ चीच पुंगळी, फक्त तोंड आवळून ७ मिलिमीटरची गोळी बसवलेली. १४० ग्रेनची (म्हणजे साधारण ९ ग्रॅमची) गोळी हरणाला पुरून उरते, आणि खांद्याला धक्का .३०८ पेक्षा कमी. नवशिक्याचा नेम बहुतेक वेळा या धक्क्याच्या धास्तीनंच हुकतो. मी स्वतः वर्षभर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचो!

याचं जुनं भावंड ७×५७ माउझर, १८९२ चं. शिकारी जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल हेच काडतूस वापरायची, फक्त नाव इंग्रजी. मात्र जुनी माउझर स्वस्तात मिळाली तर आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखव. त्या जुन्या रायफलींच्या काळजीपोटीच अमेरिकन कारखाने ७×५७ च्या काडतुसात बंदुकीची दारू बेतानं भरतात.

अडचण एकच. छोट्या गावात ७ एमएम-०८ चे डबे शिकारीच्या सीझनच्या तोंडावर मिळतीलच असं नाही. उन्हाळ्यातच एकाच लॉटचे (एकाच वेळी बनवलेले) चार-पाच डबे घेऊन ठेव आणि स्कोप (रायफलवरची दुर्बीण) त्यावरच झिरो कर, म्हणजे नेम धरशील तिथेच गोळी लागेल असा जुळव. लॉट बदलला की कागदावरची भोकं सरकू शकतात.