दोन लेकरं, पोटात तिसरं आणि आइंडहोव्हन

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोठी पावणेचार वर्षांची, लहाना दोनचा, तुम्हाला चौथा महिना. मालकांना नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरी लागलेली, तुम्ही आर्वीजवळ सासरी. प्रश्न एकच की आत्ता सोबत जावं, का बाळंतपण इथं आटोपून मग. त्यात घरच्यांचं रोजचं पालुपद, "तिथं कोन करन वो तुह्यं?"

मी दारव्हा तालुक्यातली. 2022 च्या ऑक्टोबरात पाच आणि अडीच वर्षांच्या दोन पोरी घेऊन, पाचव्या महिन्यात, मी त्याच गावी गेले. तिसरं फेब्रुवारीच्या शेवटी झालं. आत्ता शाळेच्या सुट्टीत माहेरी आहे आणि ओसरीवर बसून हे लिहितेय. तिन्ही पोट्टे मायच्या मागं गोठ्यात गेलेत. दोन तास झाले, ते कुठं आहेत हे मी एकदाही उठून पाहिलं नाही. मधल्या काळात शेजारच्या काकूनं त्यांना जेवू घातल्याचं मला आता कळलं.

तिकडे गेल्यावर हे दोन तास मिळत नाहीत. येणाऱ्या बाळाची आणि तुमची सोय तिथं उत्तम आहे, त्याची चिंता सोडा. आधीच्या दोघांची सोय कोणी करून ठेवलेली नाही. ती तुम्हाला इथूनच ठरवून न्यावी लागेल. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळी तयारी बाळाची केली होती.

आधी बाळंतपणाचं सांगते. तिथं सगळं सुरळीत असेल तर बाई डॉक्टरकडे जातच नाही, सुईणीकडे जाते. 'फेरलोस्कुंडिख' म्हणतात तिला. चार वर्षांचं शिक्षण घेतलेली असते, स्वतःचा दवाखाना चालवते. काही बायका तिच्या हाताखाली घरीच बाळंत होतात. हे ऐकून माझी आजी म्हणाली, "इतक्या लांब जाऊन सुईनच भेटली का तुले?" तुमचं दुसरं बाळंतपण सिझरनं झालंय, म्हणजे तुम्हाला दवाखान्यातच पाठवतील. म्हणून जुनी फाइल पूर्ण न्या. सिझर का करावं लागलं आणि गर्भाशयावरचा छेद कसा आहे, हे इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर कारण एका शब्दात उरकलेलं असतं, ते पुरत नाही. पोरांची लसीकरणाची कार्डंही न्या. आशाताईकडे अडकली असतील तर आजच मागून घ्या.

बाळ झाल्यावर सगळं ठीक असेल तर काही तासांत घरी पाठवतात. सिझर असेल तर अर्थातच नाही. मग घरी 'क्रामझोर्ख' मिळते, म्हणजे बाळंतिणीची सेवा करायला एक बाई येते. ही शिकलेली बाई असते. साधारण आठ दिवस रोज काही तास, सहसा एकूण 49 तास, ती तुमच्याकडे असते. टाके पाहते, बाळाचा ताप मोजते, अंगावर पाजायला शिकवते, कपडे धुते, मोठ्या पोरांना खाऊ घालते, भेटायला आलेल्यांना चहासुद्धा करून देते. खर्च विम्यातून होतो, तासाला काही युरो तेवढे आपले. बायका कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे पोचल्या-पोचल्या नाव नोंदवा. तिची एक अट ऐकून मी चाट पडले. तिची कंबर जाऊ नये म्हणून बाळंतिणीचा पलंग जवळपास 80 सेंटीमीटर उंच लागतो. पायांखाली ठोकळे भाड्यानं आणून लावायचे. मायनं तो पलंग पाहिला आणि म्हणाली, हे तर मचान आहे. आपली बाळंतिणीची बाज काय, अन् हे काय!

मायची आणि त्या बाईची जुगलबंदी वेगळीच. मायनं गावाहून आणलेल्या ओवा-बाळंतशेपाची धुरी दुसऱ्याच दिवशी तव्यावर निखारे करून घातली. तिकडे 1 जुलै 2022 पासून प्रत्येक घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा सक्तीचा आहे. तिन्ही मजल्यांचे भोंगे एकदम बोंबलायला लागले, पोरी रडायला लागल्या, माय तवा घेऊन अंगणाच्या दाराकडे पळाली. मोहरीची उशीही त्या बाईनं लगेच काढून घेतली. बाळ पाठीवर, उशी नाही, काजळ नाही. शेकाला मात्र तिची हरकत नव्हती. बाळाच्या पाळण्यात ठेवायची गरम पाण्याची धातूची बाटली ती स्वतःच भरून द्यायची. आठवड्याच्या शेवटी दोघी एकमेकींना खाणाखुणांनी रेसिपी सांगत होत्या. बाळ झालं की तिथं कडक टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे पसरून वाटतात. माय म्हणाली, शेपा तर हेही खातात, मग धुरीनं काय बिघडलं?

आता खरी अडचण. कळा रात्री दोन वाजता सुरू झाल्या तर तुमची दोघं कोणाजवळ राहतील? मालक तुमच्यासोबत येतील की पोरांजवळ थांबतील? आर्वीत हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच येत नाही. घरात सासू, जाऊ, आत्या, कोणी ना कोणी असतंच. माझी माय तेव्हा आलेली होती म्हणून निभावलं. तिचं विमान चुकलं असतं तर पोरींना पायजम्यावर घेऊन दवाखान्यात जावं लागलं असतं. पोचल्यावर पहिल्या महिन्यात जवळपास राहणारी दोन माणसं शोधा, रात्री दार उघडतील अशी. मराठीच हवीत असं नाही. माझ्या बाबतीत शेजारच्या डच आजीनं स्वतःच्या घराची किल्ली आणून दिली. तिची ओळख कशी झाली? माझी धाकटी तिच्या कुंड्यांतली फुलं तोडायची, मी रोज माफी मागायला जायची.

तुमची मोठी चार वर्षांची झाली की शाळेत जाऊ शकते. पाचव्या वाढदिवसानंतर शाळा सक्तीची होते. फी नाही. हे तुमच्या पथ्यावर पडतंय, वाढदिवस जवळ आहे, म्हणून पत्ता मिळाला की लगेच शाळेशी बोला. डब्यात तिथं ब्रेडच असतो, गरम जेवण नसतं. वरणभातावर वाढलेली माझी मोठी पहिले तीन आठवडे डबा तसाच परत आणायची. आत्ताच अधूनमधून पोळीची गुंडाळी देऊन हाताने थंड खायची सवय लावा. लहान्याचं अवघड आहे. पाळणाघर महाग आणि सरकारची मदत आई-बाप दोघं कामाला असतील किंवा शिकत असतील तरच. तुम्ही घरी असाल तर ती मिळणार नाही. अडीच वर्षांनंतर भाषेसाठी आठवड्यातल्या काही सकाळी जायची सोय मिळू शकते, ती बालआरोग्य केंद्रात विचारा. तोवर लहाना दिवसभर तुमच्याजवळ. डच घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, वर-खाली दोन्हीकडे फाटक लावा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. सातव्या-आठव्या महिन्याचं पोट घेऊन, अंधारात, जॅकेट घालायला नकार देणारं दोन वर्षांचं पोट्टं घेऊन शाळेतून मोठीला आणायचं, हे मला बाळंतपणापेक्षा जड गेलं.

आईला बोलवायचं तर हिशेब नीट करा. व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि तुमच्या मालकांनी तिथल्या पालिकेत सही करून हमीपत्र पाठवायचं. त्याआधी पासपोर्ट. मायचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं होतं. ते सरळ करण्यात चार महिने गेले, तेव्हा हे काम उद्याच सुरू करा. आणि शेतीचं पाहा. तुमची तारीख कापूस वेचणीच्या भरात पडणार आहे. माझ्या वेळी बाबा तुरीच्या सोंगणीत अडकले, माय एकटीच आली. आईला छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास बोलवा, म्हणजे नंतरचे दोन महिने हाती राहतात.

मग जायचं कधी? माझ्या मते आत्ताच, सहाव्या महिन्याच्या आत, नाहीतर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर. मधली वेळ वाईट. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर घेत नाहीत. शिवाय मोठ्यांना नव्या घराची सवय व्हायला तीन महिने लागतात. नवं घर आणि नवं बाळ एकाच महिन्यात त्यांच्यावर लादू नका. आई येऊ शकत नसेल आणि रात्री दार उघडणारं कोणी तिथं मिळणार नसेल, तर इथंच बाळंत व्हा. मालक आधी जातील, त्यात कमीपणा नाही. मालकांना बाळंतपणात पूर्ण पगारी एक आठवडा सुट्टी मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवडे 70 टक्के पगारावर घेता येतात. पण ही रजा तुम्ही सगळे एका जागी असाल तरच कामाची.

पैशाचं थोडक्यात. पालिकेत नोंदणी झाली की नागरिक क्रमांक मिळतो, त्यावर आरोग्य विमा. मुदत चार महिने असली तरी तुम्ही पहिल्याच आठवड्यात घ्या. अठरा वर्षांखालच्या पोरांना हप्ता नाही. वर्षाला पहिले 385 युरो खिशातून जातात, पण सुईण आणि क्रामझोर्ख त्यात येत नाहीत. रक्ततपासणी, औषधं, ॲम्ब्युलन्स येतात. बाळ तिथं जन्मलं म्हणून डच होत नाही. तीन दिवसांत पालिकेत नोंद करायची, मग हेगच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत. त्यासाठी तुमच्या दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्के मारून न्या. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे का, ते पाहून घ्या.

एक आगाऊपणा करते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिकडे मुलगा की मुलगी हे सरळ सांगतात. आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि का बंद आहे ते तुम्हाला-मला सांगायची गरज नाही. दोन मुलींवर माझं तिसरं होतं. फोनवर रोज विचारणा व्हायची. आम्ही टेबलावर झोपल्या-झोपल्या आधीच सांगितलं, आम्हाला सांगू नका. घरी कोणाला खोटं बोलायची वेळच आली नाही.

सामानात डिंक आणि सुंठ न्या. तूप, खवा, पेढे नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. तिथल्या लोण्याचं तूप रवाळ होतं.

सुट्ट्या मात्र शाळा ठरवते. मधल्या काळात पोरांना उचलून गावी आणता येत नाही, दंड होतो. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, आणि ती पोळ्याच्या आधी संपते. माझ्या पोरींनी तान्हा पोळा अजून पाहिलेला नाही. यंदा बाबांनी लाकडाचा नंदी करून ठेवलाय. परवा निघायचंय, म्हणून मोठीनं आजच त्याला झूल घातली आणि अंगणात फिरवतेय. आता मला हाक आली. डॉक्टरांनी दिलेली तारीख कळवा, म्हणजे आईच्या 90 दिवसांचा हिशेब मांडून पाठवते.